मनूच्या ओंजळीतला मासा

आज मननाला एक मासा घेऊ. बोटाच्या दोन पेरांएवढाच. पाणी भरून रबरबँड लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो आहे आणि पिशवी तुमच्या हातात आहे. बसायला जागा काशीतली घेऊ, अमृतराव घाटाची एक पायरी.

तिथे कधी गेला नसलात तरी चालेल. असीकडून गंगेच्या काठाकाठाने दशाश्वमेधाकडे चालू लागलं की केदार घाट मागे पडतो, नारद घाट येतो आणि त्याला लागूनच हा घाट लागतो. नकाशावर बहुतेक वेळा ‘राजा घाट’ असं नाव दिसतं. राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ अमृतराव पेशवे यांनी 1807 च्या सुमारास तो दगडात बांधून काढला. पुण्याच्या गादीचं राजकारण मागे टाकून, 1803 मध्ये इंग्रजांशी करार करून ते उत्तरेत आले. राहणं चित्रकूटजवळच्या करवीला आणि दानधर्म काशीत. पुण्यापासून इतक्या लांब, पाण्यापर्यंत उतरण्यासाठी एका मराठी माणसाने धडधाकट दगडी वाट करून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या वाटेवर बसू.

पाठ ताठ धरायची गरज नाही. सोयीने बसा. पिशवी मांडीवर ठेवा आणि तिच्यातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत काही करू नका. आपला हात हलतो, म्हणून ते पाणी हलतं. हात शांत झाला की तेही होईल.

आता माशाकडे पाहा.

पिवळट तपकिरी अंगावर गडद ठिपके. पाठीवरचा पर उभारला तर एखाद्या छोट्या शिडाएवढा. तोंड खालच्या अंगाला, आणि ओठांची गोल चकती पिशवीच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटलेली. तोंडाच्या दोन्ही कडांना नीट पाहिलं तरच दिसतील अशा बारीक मिशा. दुकानात याला सगळे ‘सकर’ म्हणतात. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरच्या रविवारच्या बाजारात तो मिळतो, मुंबईत कुर्ल्याला मिळतो आणि तालुक्याच्या गावातल्या ॲक्वेरियमच्या दुकानातही मिळतो. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल असे चार-सहा मासे घेतले की दुकानदार म्हणतो, एक सकरही न्या, काच साफ ठेवतो. त्यात खोटं काही नाही. लहानपणी तो शेवाळ खातो, आणि त्याला काचेवरून हळूहळू सरकताना पाहणं मन निववणारं असतं.

आपल्या मनात त्याची ओळख अशी कामावरून झाली. ती थोडा वेळ बाजूला ठेवू. तो काय काम करतो हे विसरा आणि तो कोण आहे एवढंच पाहा.

त्याचं घर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत. अंगावर खवले नाहीत, हाडासारख्या कडक पट्ट्यांचं चिलखत आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि पोटातून ती शोषून घेतो. पाण्याबाहेर काढला तरी ओलाव्यात बराच काळ जगू शकतो. मिशीवाल्या माशांचं हे कुळ मोठं आहे आणि त्यातल्या कित्येकांना जग डोळ्यांपेक्षा चवीने जास्त कळतं. मिशांवर तर चव घेणाऱ्या पेशी असतातच, पण अनेकांच्या अंगभर कातडीवरही असतात. म्हणजे तो ज्या पाण्यात राहतो, त्या पाण्याची चव त्याच्या सगळ्या अंगाला सतत लागत असते. हे वाक्य वाचून थोडं थांबा. हवा वाईट झाली की आपण नाक मुरडून खोलीबाहेर जातो. त्याला कुठे जाता येतं?

समोर गंगा आहे. तिच्यातही याचे सोयरे आहेत. इथला पढीन, ज्याला आपल्याकडे कृष्णा-भीमेच्या काठाला शिवडा म्हणतात, मीटरभराच्या पुढे जातो. टेंगरा आहे. खडकाळ डोहांतला गूंच माणसाच्या उंचीएवढा लांब होऊ शकतो. यांच्या मिशा पाहून कुणाला हसू येत नाही, कारण त्यांना कुणी लहानपणी पिशवीत पाहिलेलं नसतं. नदीत त्यांचा आकार कुणाला जास्त वाटत नाही. मासा ‘अपेक्षेपेक्षा मोठा’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा अपेक्षा आपली असते. माशाने तसं वचन दिलेलं नसतं.

आता वेळ थोडा पुढे सरकू द्या. घाई नको.

तळहात उघडा. करंगळी आणि अंगठा पूर्ण ताणून वीत करा. चांगलं खाणं आणि चांगलं पाणी मिळालं तर पहिल्या एक-दोन वर्षांतच सकर त्या वितेच्या पुढे जातो. आता कोपर मांडीवर टेकवा आणि बोटं सरळ करा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दीड फूट. पूर्ण वाढलेला सकर साधारण एवढा असतो. हातावर नजर फिरवा. मनगटापाशी त्याचा शेपटीकडचा भाग, कोपरापाशी डोकं. हा पिशवीतलाच मासा आहे, वेगळा कुणी नाही.

लांबी दोन इंचांवरून अठरा इंचांवर गेली, नऊ पट झाली. आकाराचं प्रमाण तेच राहिलं तर वजन नऊ पट होत नाही, नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, म्हणजे 729 पट होतं. खाणं, श्वास आणि विष्ठा या गोष्टी लांबीच्या हिशेबात चालत नाहीत, त्या या अंगभर वाढलेल्या वजनामागून वाढत जातात.

हा हात तसाच ठेवून घरातल्या टँकची आठवण करा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. बऱ्याच घरांत एवढाच असतो. काठोकाठ भरला तर साधारण 127 लिटर पाणी. मासा दीड फूट आणि टँकची रुंदी एक फूट. त्याला वळायचं असेल तर अंग वाकवून, काचेला घासत वळावं लागेल. हे चित्र मनातून लगेच पुसू नका. इथे अपराधी वाटून घेण्यासाठी आपण बसलेलो नाही. आपण फक्त मोजतो आहोत, आणि मोजणं हीही प्रेमाचीच एक रीत आहे.

आता नजर वर न्या. घाटाच्या पायऱ्या मागे, वर कुठपर्यंत गेल्या आहेत पाहा. वैशाखात गंगा इतकी खाली असते की मधल्या पायऱ्यांना तिचा स्पर्शही होत नाही. नवख्या माणसाला वाटतं, एवढ्या पायऱ्या कशाला? श्रावण-भाद्रपदात येऊन पाहिलं की कळतं. काशीत धोक्याची पातळी 71.26 मीटर धरतात, आणि 1978 च्या सप्टेंबरात पाणी 73.90 मीटरला पोचलं होतं. उन्हाळ्यातल्या पात्रापासून ते दहा मीटरहून कितीतरी वर. तेव्हा घाटावरून घाटावर जाता येत नाही, आरती गच्चीवर हलवावी लागते, होड्या बांधायला जागा राहत नाही. अमृतरावांच्या पाथरवटांनी घाट बांधला तो वैशाखातल्या पाण्यापुरता बांधला नाही. दगड रचणाऱ्यासमोर नदी एका कडेला शांत पडलेली असेल. तरी त्याने भाद्रपदातली नदी डोळ्यांसमोर धरून पहिला दगड ठेवला.

पिशवीतला मासा म्हणजे वैशाखातली नदी. एवढं एकच मनात धरा आणि दोन-चार श्वास तसेच जाऊ द्या.

मनात एक शंका उठेल, ती दाबू नका. लोक सांगतात की टँक जेवढा असतो तेवढाच मासा वाढतो. लहान टँकमध्ये ठेवला तर लहान राहतो. घरोघरी ही समजूत इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की दोनदा ऐकली की खरी वाटू लागते. तिच्यात दिसायला थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकली. कोंदट टँकमधला मासा खरोखर कमी वाढतो. पण का, ते पाहा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्यं विषारी आहेत. तिसरं तितकं नाही, पण साठत गेलं की तेही बाधतं, आणि ते मुख्यतः पाणी बदलूनच बाहेर जातं. मोठ्या होत जाणाऱ्या माशाची घाण लहान टँकच्या फिल्टरला पेलत नाही. त्या पाण्यात वाढ खुंटते, कणा वाकू शकतो, आयुष्य आखूड होतं. मासा टँकच्या मापाने घडला असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर तो आजारी असतो. या समजुतीबद्दल मला सौम्य बोलता येत नाही. ती बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तिच्यामुळे जितके मासे हळूहळू मरतात तितके क्वचितच दुसऱ्या कशाने मरत असतील.

पुन्हा पाण्याकडे पाहा. एखादी नाव जाऊ द्या.

आता दुसरी पिशवी. हिच्यात तीन-चार मासे आहेत, चंदेरी, चपळ, पाठीवरचा पर तिकोनी. दुकानात यांना ‘शार्क’ म्हणतात. मुलांना नाव ऐकताच आवडतात. ते शार्क नाहीत, मिशीवालेच आहेत. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांतले पंगस. मोठ्या थव्याने राहणारे, लांबचा प्रवास करणारे, पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला जाणारे. हाच मासा 1990 च्या दशकात भारतात शेतीसाठी आला आणि तळ्यांत वर्षभरात किलोभराचा होऊ लागला. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो बिनकाट्याचा तुकडा ताटात येतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा याचाच. एकाच शहरात एकीकडे लोक त्याला जेवतात आणि दुसरीकडे दोन फुटी टँकमध्ये त्याला नाव ठेवून प्रेमाने सांभाळतात, आणि दोन्ही ठिकाणी तो एकच आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं.

पूर्ण वाढीचा पंगस सव्वा मीटरच्या पुढे जातो. उभे राहा आणि जमिनीपासून आपल्या छातीपर्यंत हात न्या, एवढा. याचाच सख्खा भाऊबंद, मेकाँगमधला महाकाय कॅटफिश, 2005 मध्ये थायलंडात सापडला तेव्हा 293 किलोंचा भरला होता.

पंगसाचं एक दुःख मला सकरापेक्षाही जास्त लागतं. तो भित्रा आहे. दिवा लागला, कुणी दाराशी आलं, काचेवर टिचकी वाजली की तो जिवाच्या आकांताने सुसाट पळतो. नदीत तो पळून थव्यात मिसळेल. टँकमध्ये तीन फुटांवर काच असते. नाक सोलवटून घेतलेले पंगस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते विसरता येत नाहीत. क्षणभर त्या पळण्यासोबत जा. भीती वाटली, पळालो, आणि पळायला जागाच नव्हती.

तिसऱ्या पिशवीतल्या माशावर फार बोलत नाही. लाल शेपटीचा, पांढऱ्या पट्ट्याचा, लहानपणी अतिशय देखणा रेड टेल कॅटफिश. ॲमेझॉन आणि ओरिनोकोचा. गळाला लागलेला एक 56 किलोंचा नोंदला गेला आहे. तोंडात मावेल ते तो गिळतो, म्हणून मिश्र माशांच्या टँकमध्ये काही महिन्यांतच एकेक सोबती दिसेनासा होतो आणि घरच्यांना वाटतं मासे उडी मारून गेले. तो कुठल्याही घराच्या मापाचा नाही. तो विकायलाच नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिशव्या बाजूला ठेवा. डोळे मिटायचे असतील तर मिटा. एक जुनी गोष्ट आठवू, तुम्हाला ती माहीत आहे.

सकाळी मनू हात धुवायला पाणी घेतो आणि ओंजळीत एक इवलासा मासा येतो. मोठे मासे मला खातील, मला वाचव, असं तो म्हणतो. महाभारताच्या वनपर्वात मनू त्याला मडक्यात ठेवतो. तिथे मावेना तेव्हा मोठ्या विहिरीत नेतो. तिथेही मावेना तेव्हा गंगेत नेतो, या समोरच्याच गंगेत. गंगेतही त्याला हलायला जागा पुरेना तेव्हा समुद्रात. त्याहून जुन्या शतपथ ब्राह्मणातल्या गोष्टीत तर मासा पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकतो: आधी मला मडक्यात ठेव, त्यात मावेनासा झालो की खड्डा खण, त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने.

मत्स्यावतार म्हणून आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो आणि आपलं लक्ष प्रलयाकडे, नौकेकडे, शिंगाला बांधलेल्या दोराकडे जातं. आज नौका बाजूला ठेवून मनूच्या हातांकडे पाहा. माशाने मोठं होणं थांबवावं असं मनू एकदाही म्हणत नाही. ‘एवढा वाढशील असं वाटलं नव्हतं’ अशी तक्रार त्याच्या तोंडी नाही. दर खेपेला तो मासा स्वतः उचलतो आणि पुढच्या पाण्यापर्यंत स्वतः वाहून नेतो. ओंजळीत घेतलं त्याच क्षणी समुद्रापर्यंतची वाट त्याने पत्करली होती. माझ्या लेखी मासे पाळण्याबद्दल एवढी नेमकी गोष्ट दुसऱ्या कुठल्या ग्रंथात नाही.

या गोष्टीपाशी हवा तेवढा वेळ बसा.

आता मनात जे येईल, ते या घाटावर बसलेल्या कित्येकांच्या मनात आलेलं असतं. मासा मोठा झाला, टँक पुरत नाही, जीव घुसमटतोय. समोर एवढी नदी आहे. सोडून देऊ. मनूनेही गंगेतच सोडला. त्याला मोकळं पाणी मिळेल आणि आपल्याला पुण्य. पिठाच्या गोळ्या माशांना घालायला आपण इथेच बसतो ना?

ही इच्छा वाईट मनातून येत नाही. ती दयेतून येते, म्हणून तिच्याशी कठोर होऊ नका. फक्त तिच्या मागे मागे थोडं चालत जा. पिशवी उलटी केली. मासा पाण्यात गेला. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं. त्याच्या पुढचं पाहू.

2020 च्या सप्टेंबरात याच वाराणसीत, रामनगरच्या बाजूला, गंगेत सकर सापडल्याची बातमी आली. नदीवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक लोकांच्या हाती तो लागला आणि बनारस हिंदू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तो ओळखला. ॲमेझॉनचा मासा इथे पोहून आलेला नाही. कुणाच्या तरी टँकमधून, दुकानातून किंवा तळ्यातून तो आला. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात तर तो आता कायमचा वस्तीला आहे. आपल्या उजनीतही जाळ्यात सकर येतात म्हणून भिगवणकडचे मच्छीमार तक्रार करत आले आहेत.

नदीत गेलेला सकर पाण्यात नुसता राहत नाही. नर काठाच्या मातीत आडवी बिळं खणतो, मीटरभर खोलही, आणि तिथे अंड्यांची राखण करतो. बिळं वाढली की काठ ढासळतो. तळाचं शेवाळ आणि त्यातले जीव तो खरवडून खातो. त्याच तळावर इथल्या माशांची पिल्लं जगत असतात. परांचे काटे कडक असल्याने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला भाव नाही. रात्रभर नाव वल्हवून पहाटे जाळं ओढणाऱ्या निषाद माणसाच्या हाताला पढीन-टेंगऱ्याऐवजी हे चिलखत लागतं आणि वर जाळं शिवत बसावं लागतं. त्या हातांकडे पाहा. पुण्य आपण घेतलं आणि त्याची किंमत त्या घराने भरली. तिलापिया आणि कॉमन कार्प हे बाहेरचे मासे गंगेत आधीच मुरले आहेत. आफ्रिकी मागुरावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली, तरी तो आजही चोरून वाढवला जातो. एकदा नदीत गेलेला मासा परत बोलावता येत नाही.

मनूच्या गोष्टीतला मासा इथल्याच पाण्यातून ओंजळीत आला होता. तो घरी परत गेला. सकराचं घर ही नदी नाही.

आणि काशीत जीव नदीत सोडण्याचं काम कधी झालंच नाही असंही नाही, म्हणून एक आठवण करून देतो. 1989 मध्ये रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटर कासवांसाठी राखीव केले होते. अमृतराव घाट त्याच टप्प्यात येतो. कासवांची अंडी चंबळ-यमुनेच्या भागातून आणायची, सारनाथच्या केंद्रात पिल्लं वाढवायची आणि मग गंगेत सोडायची. ते अभयारण्य 2020 मध्ये रद्द झालं, आणि त्या योजनेतून किती साधलं यावर वाद होत राहिले. पण तिथे सोडणाऱ्याने आधी विचारलं होतं की हा जीव या नदीचा आहे का, किती वाढेपर्यंत सांभाळायचा, कुठे सोडायचा. आपल्या हातातल्या पिशवीला आपण यातलं काय विचारलं?

मन जड झालं असेल तर थोडं उठून चाला. वरच्या पायरीपर्यंत जा, परत या.

आता पहिली पिशवी पुन्हा हातात घ्या आणि तो मासा अजून विकत घेतलेला नाही असं समजा. दुकानात उभे आहात. त्याच्याकडे पाहा आणि त्याची पूर्ण वाढ तुमच्या हातावर आणा, कोपरापासून बोटापर्यंत. त्याला लागेल असा टँक डोळ्यांसमोर आणा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे जवळपास 680 लिटर, नुसत्या पाण्याचंच 680 किलो वजन. तुमच्या फ्लॅटच्या कुठल्या भिंतीशी तो उभा राहील? दर आठवड्याला बादल्या कोण उचलेल? सकर पंधरा वर्षं सहज जगतो. लेक पाचवीत असताना आणलेला मासा ती नोकरीला लागेल तेव्हाही घरात असेल. बदली झाली तर? घर विकलं तर? या प्रश्नांना ‘हो, जमेल’ असं उत्तर आलं तर तो मासा आनंदाने घ्या. त्याला मोठं होताना पाहण्यासारखं सुख थोडं असतं. माणसाचा हात ओळखणारा, खाण्याच्या वेळी वर येणारा हातभर लांबीचा मासा पाहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

उत्तर ‘नाही’ आलं तर त्यातही कमीपणा नाही. मिशीवाल्यांचं कुळ उदार आहे. कोरिडोरास अडीच-तीन इंचांवर थांबतो, पाच-सहांच्या टोळीने तळाची वाळू हुंगत फिरतो आणि गप्पी-टेट्रांच्या अंगावर जात नाही. काच साफ ठेवणारा हवा असेल तर नाकावर मऊ काट्यांची झालर असलेला ब्रिसलनोज आहे, चार-पाच इंचांचा. ओटोसिन्क्लस तर दोन इंचांच्या आतला. उलटा पोहणारा सिनोडोंटिस चार इंचांच्या आसपास राहतो आणि मुलं त्याच्यासमोरून हलत नाहीत. यांच्यासाठी तीन फुटी टँक ही नदी नसली तरी राहण्याजोगी जागा आहे.

आणि ज्यांच्या घरी तो मासा आधीच आहे, मोठा झाला आहे आणि रोज रात्री दिवा बंद करताना ज्यांना त्याची चिंता लागते, त्यांच्यासाठी शेवटचे काही श्वास राखून ठेवू. तुमची चिंता खरी आहे, आणि ती चिंता वाटते म्हणजे तुम्ही चांगले पालक आहात. आधी पाणी जास्त वेळा बदला, खाणं मोजून घाला, फिल्टर वाढवा. मग त्याच्यासाठी जागा शोधा. घेतलं त्या दुकानात विचारा. अनेक दुकानदार मोठा मासा परत घेतात, विशेषतः पैसे मागितले नाहीत तर. शहरात मोठे टँक ठेवणारे हौशी लोक असतात. बंदिस्त, पुराचं पाणी न शिरणारं सिमेंटचं कुंड असलेल्या फार्महाउसवाल्यांना विचारा. याला वेळ लागतो. मनूलाही विहीर एका दिवसात मिळाली नसेल. कुठेच जागा मिळाली नाही आणि मासा यातनेत असेल तर पशुवैद्याकडे जा. वेदना न होता त्याला जाऊ देणं हे नदीत सोडण्यापेक्षा जास्त दयेचं आहे, त्याच्यासाठीही आणि नदीतल्यांसाठीही. हे लिहिणं सोपं नाही, पण मला तसंच वाटतं.

मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एवढं सांगतो. दुकानात किमतीच्या आधी विचारा की हा पूर्ण वाढला की केवढा होतो. उत्तर गोलमाल आलं तर मासा घेऊ नका, घरी येऊन नीट माहिती काढा. आणि घेतलेला मासा कितीही मोठा झाला तरी नदीत सोडू नका. गंगेत नको, उजनीत नको, गावच्या तळ्यात किंवा देवळाच्या कुंडातही नको.